पहिलं कुंकू कुणाला

आमच्या कडावच्या मशरूमच्या शेडमध्ये माणसं तीनच, पण किस्से पेंढ्यासारखे साठतात. एक ओढला की चार सोबत येतात. आणि अलीकडच्या प्रत्येक किस्स्यात ओमकार असतोच!

ओमकार म्हणजे आमच्या मालकीणबाई सुरेखामावशींचा भाचा. इंजिनिअर. मी नववीत शाळा सोडलेला. आधी मावशी रोज सकाळी मला फोन करायच्या, "आत कसं हाय रं, सागर?" मी शेडमधली हवा सांगायचो. मग ओमकारने पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर आणला, एका डबीत बसवला आणि त्याला उष्णता आणि ओलावा मोजणारा सेन्सर जोडला. आकडे डबीवर दिसायचे, मावशींच्या मोबाइलवरही. त्या आकड्यांवरून पंखे आणि पाण्याचे फवारे आपोआप चालू-बंद व्हायचे.

माझा फोन वाजायचा थांबला.

*

पहिल्याच दिवशी ओमकारने सेन्सरच्या वायरी उलट्या जोडल्या. बोट लावलं तर चटका! मी तोंड फिरवून हसलो. मावशी त्याच्या बोटावर फुंकर घालत होत्या. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या पट्ट्याने माझा खांदा सोलवटतो, तिथे कधी कुणी फुंकर घातली नाही.

*

मग त्याने सेन्सर डबीतच, कॉम्प्युटरला खेटून बसवला. कॉम्प्युटर तापला की सेन्सरला वाटायचं शेड तापली. श्रावणातल्या गारठ्यात पंखे दिवसभर चालू. पेंढा भरणारी जनीताई घोंगडी पांघरून बसली.

"ताप त्याला आलाय, वारा आमाला कशाला?" म्हणाली.

मावशी हसल्या. "शिकतोय पोर." माझी एक चूक त्या आठवडाभर ऐकवतात.

शेवटी त्याने सेन्सर डबीबाहेर वायरीला टांगला.

*

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. पहिलं कुंकू दरवर्षी माझ्या पाठीवरच्या पंपाला. यंदा मावशी ताट घेऊन पंपासमोरून सरळ पुढे गेल्या. पहिलं कुंकू डबीला. नुकत्याच धुतलेल्या झेंडूची माळ सेन्सरला.

दुपारी पुन्हा शेडमध्ये गेलो. ती माळ मला बघवेना. काढली आणि पंपाला घातली.

थोड्या वेळाने पाण्याचे फवारे आपोआप सुरू झाले. तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून ते सुरूच झाले नव्हते. ओल्या माळेमुळे सेन्सर भरपूर ओलावा दाखवत होता आणि कोवळी मशरूम सुकायला लागली होती.

ओमकार मोबाइल बघत धावत आला. "सागर, माळेमुळे होतंय हे तुला कळलं कसं रे?"

मी पंपाची नळी पुसत राहिलो. मावशींनी पंपावरची माळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आत कसं हाय रं, सागर?"

मी डबीवरचा आकडा वाचून दाखवला.