तर्कशास्त्र आणि वकिलाची आई

वकिलाकडे मी मदत मागायला गेले आणि मदत सोडून सगळं मागून आले: लोणच्याचा मसाला, अबोलीचं रोप, वर मांजराचं पिल्लू. इतकी हुशार मुलगी मुरबाडातून कॉलेजात गेली होती!

तेव्हा मी इंटरला होते. सहामाहीत तर्कशास्त्रात नापास होऊन दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. वडील एवढंच म्हणाले, "वार्षिकला असंच झालं, तर ट्रंक माळ्यावर जाईल." ट्रंक माळ्यावर म्हणजे मी बोहल्यावर.

अख्ख्या मुरबाडात तर्कशास्त्र शिकलेला माणूस एकच, आमच्या मागच्या आळीतला तरुण वकील. पण आमच्याकडे कुणाकडे काम असलं तर ते आधी बोलायचं नसतं. भात किती उतरलं, गाय दूध देते का, हे सगळं विचारायचं आणि निघताना उंबऱ्यापाशी सहज आठवल्यासारखं कामाचं काढायचं. यातला पहिला भाग मला फारच छान जमला. वकील ओटीवर कागदांत डोकं घालून बसलेला असे, मी आत त्याच्या आईपाशी. गाईची चौकशी तर मी इतकी केली की गाईलाही संकोच वाटला असेल. उंबरा आला की मात्र नापास या शब्दाऐवजी माझ्या तोंडून लोणच्याचा मसालाच निघे. मी चपला घालून घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, वेणीत अबोली माळून.

सुट्टी संपत आली. एका सकाळी वकिलाच्या आईने माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"पोरी, तू गुणाची हायेस. पन आमच्या पोराचं लगीन ठरलंय गो. शहापूरची पोरगी हाय. तू आता नको येऊस."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा असं रडू फुटलं की मी ओरडलेच, "मला नवरा नको, मला तर्कशास्त्र येत नाही! नापास झालेय मी!"

ओटीवर कागदांची सळसळ थांबली. म्हातारी पदर तोंडाला लावून गदागदा हसली.

"एवढंच व्हय? मंग रडतेस कशाला गो? त्यो पन दोनदा आपटलाय त्याच्यात. जा, बस त्याच्यासमोर. कुठं पाय घसरतो ते त्याला बराबर ठावं हाय."