मावसाजींची पांढरी बाटली

सेलूत समुद्र आणणारा माणूस एकच झाला, आणि ते म्हणजे आमचे मावसाजी. नोकरी संशोधनाच्या जहाजावर. जहाजामागे दोरखंडानं बांधलेलं यंत्र पाण्याखालून ओढत न्यायचं आणि वरच्या पाण्यात किती प्राणवायू विरघळलाय ते टिपायचं, एवढंच काम. सुट्टीत ही खोड सोबत यायची. सोडा मागवला की बुडबुडे संपेपर्यंत ते नुसते बघत बसायचे. पवनारला लोक धाम नदीला हात जोडायचे, तर हे दोरीला बाटली बांधून काठाकाठानं ओढत चालायचे. मावशी म्हणायची, "यायले घरची गाय ओढाले सांगा, तं कंबर दुखते."

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी वांग्याच्या वावरालगतच्या तळ्यात मासे सोडले. ढगाळ दिवस आले, आणि एका सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडू लागले. चार-सहा उलटेही झाले. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या गुलाबरावांशी बांधावरून अबोला होताच. त्यांनीच तळ्यात फवारणीचं औषध कालवलं, असं धरून मी ठाण्यात जायला सायकल काढली. सुट्टीवर आलेल्या मावसाजींनी हँडल धरलं. "पह्यले पाणी पाहू. ठाणं काई पळून नाई जात."

डोंग्यात बसून, मागं बाटली ओढत त्यांनी अख्खं तळं पार केलं. मग ट्रंकेतल्या शिश्यांमधले थेंब तिच्यात टाकले. "हवा असन तं गाळ तपकिरी, नसन तं पांढरा." गाळ दुधासारखा पांढरा उतरला.

"शेण किती टाकलं?"

"सात बंड्या," मी बैलगाड्यांचा हिशेब सांगितला. वांगी पोसतात तसे मासे पोसायला निघालो होतो.

"शेण सडते अन् पाण्यातली हवा खाते. गुलाबराव नाई बाबू, तूच मारून राह्यला त्यायले. आता पंप पायजे."

पंप नेमका गुलाबरावांकडे. मावसाजी स्वतः गेले. थोड्या वेळानं गुलाबराव पंपाचं इंजिन बंडीवर घालून आले आणि तळ्याचंच पाणी उंच उडवून तळ्यात पाडत राहिले. दुपारपर्यंत मासे खाली गेले. मी मान खाली घालून उभा. गुलाबराव म्हणाले, "मले आवाज द्याचा ना. काऊन लाजून राह्यला?" ठाण्याचं त्यांना कळलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. मावसाजी दोरी गुंडाळत होते.

त्यानंतर गुलाबराव आणि मी एकाच बांधावर बसून भाकर खायचो. मावसाजी गेल्याची तार आली, तेव्हा मावशीकडे माझ्यासोबत तेच आले. बसमध्ये सहज म्हणाले, "तू ठाण्यात चालला होता, हे त्यायनं मले तवाच सांगतलं होतं. म्हणे, पोरगं घाबरलं हाये, राग नको धरू."

उपकार दोघांचे होते, आणि ते ज्याला बोलून दाखवावेत असा आता एकच उरला होता. उतरताना मी गुलाबरावांची पिशवी हातात घेतली.