मालनबाईच्या जीपला दम का लागायचा

मखमलाबादच्या शिवारात मालनबाईची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू, ज्या हंगामात जे लागेल त्याची रोपं ती ट्रेमध्ये वाढवते आणि स्वतःच्या जीपने पेठकडच्या गावांना पोचवते. बाई जीप चालवते याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. नवल वाटतं ते तिच्या प्रश्नांचं. समोरच्याला उत्तर येत नसेल तर तो चिडतो, आणि येत असेल तर त्याची सुटका नसते, कारण पहिल्या उत्तरातून तिला दुसरा प्रश्न सुचलेला असतो.

ही खोड माहेरची. तिचे वडील पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर भाताची गिरणी चालवायचे. इंजिनाचा दणदणाट सुरू झाला की बाकीच्या पोरी लांब पळायच्या, ही मात्र इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन त्यात बोट बुडवायची. आत जाताना गार असलेलं पाणी बाहेर येताना कढत कसं, हे तिला जाणून घ्यायचं असायचं. बाप म्हणायचा, "हिला दिली त्या घरचं घड्याळसुद्धा शाबूत राहायचं नाय." बापाचा शब्द खरा ठरला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं सासऱ्यांचा रेडिओ खोलला. तो परत वाजला म्हणून बरं.

जीप तिच्या नवऱ्यानं, सावळीरामनं, जुनीच घेतली होती. डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर गरगर फिरणारा एक छोटा पंखा. तो बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो आणि त्यामुळं गाडीला जास्त ताकद मिळते. सावळीराम ट्रॅक्टरवरून पडला, त्याचा गुडघा गेला आणि क्लच दाबणं त्याला जमेना. ठेवलेला ड्रायव्हर टिकला नाही. रोपं तर काही थांबत नाहीत; वेळेत लावली नाहीत तर ट्रेमध्येच पिवळी पडतात. मग मालनबाईनं शेताच्या बांधावर जीप शिकली आणि एका झेंडूच्या वाफ्याचा चेंदा करून ती रस्त्याला लागली.

पेठला जायचं म्हणजे पहाटे निघायचं, गावोगाव रोपं उतरवायची आणि दुपारी रिकामे ट्रे घेऊन सावळघाट चढून परत यायचं. दुपारच्या त्या चढाला जीप रडायची. तिसरा गिअर टाकला की धापा, दुसरा टाकला की मागं काळा धूर. मालनबाईला वाटायचं, जुनी गाडी, असंच असणार.

एकदा थंडीच्या दिवसांत भावाच्या घरी मुक्काम पडला. सकाळी निघताना भावानं जीपमध्ये भाताची पोती चढवली, चांगली मागचा भाग दबेपर्यंत. मालनबाई घाटाच्या तोंडाशी आली तेव्हा तिनं देवाचं नाव घेतलं. आणि जीप त्या ओझ्यानिशी तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढून वर आली!

वर आल्यावर तिनं गाडी कडेला घेतली आणि मागं वळून रस्त्याकडं बघत राहिली. भरलेली गाडी चढते आणि रिकामी गाडी धापा टाकते, हे कसं?

पेठ रोडला वाळूचं गॅरेज होतं. वाळू तिच्या जीपचा जुना मेकॅनिक. त्याला तिनं विचारलं.

"मालनताई, थंडीत माणसाला पण काम सुधरतं," वाळू म्हणाला.

"माणसाचं सोड. गाडीला थंडी कळते का?"

"गाडीचं वय बघा ना. कधी चालेल, कधी रुसेल."

रुसण्यावर तिचा विश्वास नव्हता. उन्हाळा लागल्यावर तिनं मुद्दाम भावाकडं मुक्काम केला आणि उजाडायला निघाली. जीप बरी चढली. नंतरच्या खेपेला तोच घाट, तेच रिकामे ट्रे, पण भर दुपार. जीप रडली. म्हणजे ओझ्याचा दोष नव्हता, रस्त्याचाही नव्हता. राहिलं काय, तर ऊन. पण उन्हानं गाडीची ताकद कशी जाते, ते काही केल्या उलगडेना.

उलगडलं ते सायकलमुळं. वाफ्यांवर फिरायला ठेवलेल्या सायकलीत ती हवा भरत होती. टायर कडक होत आलं, पंपाचा दांडा जड झाला, आणि खाली धरलेल्या हाताला चटका बसला. तिनं पंप सोडला. पुन्हा हात लावून बघितला. दांडा वर गार होता, पंपाचं बूड तापलं होतं. घासून तापलं असेल म्हणून तिनं नळी काढून नुसताच पंप खालीवर केला. तेवढा तापेना. टायरला जोडून दाबला की तापायचा.

"अहो," तिनं सावळीरामला हाक मारली, "वारा दाबला की तापतो!"

"बरं," ओट्यावर मिरचीचं बी निवडत सावळीराम म्हणाला. "मग न दाबता भर."

दुसऱ्या दिवशी पेठहून आल्या आल्या तिनं बॉनेट उघडलं. टर्बोपासून इंजिनात हवा नेणारा एक जाड पाइप होता. त्याला तिनं बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. तव्यासारखा पाइप! ती तिथंच उभी राहून विचार करू लागली. पिंजलेला कापूस पोत्यात कमी मावतो, तसा तापून फुगलेला वारा इंजिनात कमी मावत असणार. दुपारी बाहेरचा वाराच गरम, त्यात टर्बो त्याला दाबून आणखी तापवतो. इंजिनाला वारा पुरत नाही, डिझेल धड जळत नाही, म्हणून काळा धूर.

तिनं हे वाळूला सांगितलं तेव्हा तो नट आवळता आवळता थांबला.

"बरोबर आहे तुमचं. नवीन गाड्यांना त्यासाठीच तर इंटरकूलर असतो. रेडिएटर पाणी गार करतो ना, तसा तो टर्बोची हवा गार करून इंजिनात सोडतो. तुमच्या गाडीला तो नाहीच."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात गाडी चढत नाही. मी क्लच बघितला, डिझेलचा पंप बघितला. हवेचं कुणी विचारलंच नाही."

"बसवता येईल?"

वाळूनं डोकं खाजवलं. "पाइप कोण करणार? ते माझं काम नाही."

ते काम करणारा माणूस मालनबाईच्या नात्यातच होता. तिच्या बहिणीचा मुलगा किशोर सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये अल्युमिनियमचं वेल्डिंग करायचा. त्यानं भंगारातून एका मोठ्या गाडीचा इंटरकूलर शोधून आणला. बारीक जाळीची एक चपटी पेटी, दोन बाजूंना दोन तोंडं. आतून तेलानं माखलेली.

"मावशी, आधी धुवायला लागेल. आणि कुठं गळते का तेही बघू."

तिनं पेटी आधी डिझेलनं, मग साबणाच्या पाण्यानं धुतली. ट्रे भिजवायच्या हौदात ती बुडवली, एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्यातून सायकलच्या पंपानं हवा भरली. कोपऱ्यातून बुडबुडे आले. मालनबाईला कोण आनंद! बुडबुडे बंद करण्याआधी तिनं ते निवांत बघून घेतले. मग किशोरनं तो कोपरा वेल्डिंग करून बुजवला.

पेटी कुठं बसवायची यावरून वाद झाला. किशोर म्हणाला, रेडिएटरच्या पुढं, तिथं वारा चांगला लागतो. वाळू मुद्दाम बघायला आला होता, तो म्हणाला, "सगळी जागा झाकली तर रेडिएटरला वारा कुठून? घाटात पाणी उकळेल." शेवटी पेटी खाली सरकवून बंपरच्या फटीमागं बसवायचं ठरलं. दोघांचंही म्हणणं थोडं थोडं राहिलं.

मग पाइपचा रस्ता. टर्बोपासून पुढं पेटीत आणि पेटीतून मागं इंजिनात; मध्ये पंखा, पट्टा, बॅटरी. किशोर टेप घेऊन वाकला, पण वळणं टेपनं मोजता येईनात. मालनबाईनं रोपवाटिकेतला पाण्याचा जाड लवचिक पाइप आणला आणि तो बॉनेटखालून हवा तसा वळवून तारेनं बांधला. "हे बघ, असा गेला तर पट्ट्याला लागत नाय." तो नमुना खांद्यावर टाकून किशोर सातपूरला गेला आणि तशाच वळणांचे अल्युमिनियमचे पाइप जोडून घेऊन आला. सांध्यांवर त्यानं जाड रबरी नळ्या चढवल्या आणि क्लॅम्पच्या पट्ट्या आवळल्या.

पहिल्याच खेपेला, सावळघाटाच्या मधोमध, बॉनेटखाली 'फट्ट' असा आवाज झाला. जीपचा जीवच गेल्यासारखा झाला. मागं एवढा धूर, की मागून येणाऱ्या पिकअपवाल्यानं हॉर्न वाजवून शिव्या दिल्या. इंजिन फुटलं असं मालनबाईला वाटलं. हे केलंच नसतं तर बरं झालं असतं, हाही विचार मनात येऊन गेला. तिनं हातब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला आणि बॉनेट उघडलं. रबरी नळी पाइपवरून निसटून लोंबत होती. क्लॅम्प जागेवर आवळलेलाच होता.

नळी परत चढवून, वरून तार गुंडाळून ती हळूहळू घरी आली. तसाच तडक किशोरला फोन लावला.

"मावशी, क्लॅम्प ढिला राहिला असेल."

"ढिला नव्हता. अरे, घागरीच्या गळ्याला दोरी बांधली तर ती निसटत नाय, कारण वर काठ असतो. तुझ्या पाइपला काठच नाय. आतून वाऱ्यानं ढकललं, सरकली नळी."

पलीकडून किशोर म्हणाला, "काठ उठवतात मावशी. मला माहीत होतं. म्हटलं, एवढ्याला काय होतंय, पट्टी धरेल. चुकलंच." रविवारी तो येऊन सगळे पाइप घेऊन गेला आणि प्रत्येक टोकाला वेल्डिंगचा बारीक उठाव करून आणला. या वेळी क्लॅम्प त्यानं मालनबाईला आवळायला लावले.

त्यानंतरच्या खेपेला निघताना सावळीराम काठी टेकत जीपपाशी आला. "मी पण येतो," म्हणाला. गुडघा गेल्यापासून तो या गाडीत बसला नव्हता. शेजारी बसून बायकोचं ड्रायव्हिंग बघणं त्याच्यानं होत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मालनबाईनं ट्रे मागं सरकवून त्याच्या पायाला जागा केली.

परतताना भर दुपार झाली. घाट सुरू झाला तसा सावळीरामचा हात आपोआप गिअरच्या दिशेनं गेला आणि परत मांडीवर आला. मालनबाईनं तिसरा टाकला. जीप काही उडाली नाही. वाळूनं सांगितलंच होतं, डिझेल पूर्वीएवढंच जातं, तेव्हा घोडा होईल असं समजू नका. पण तिला धाप लागली नाही. एका लयीत, घसा साफ केल्यासारखा आवाज करत चढत राहिली. आरशात धूर जवळजवळ नव्हता.

"तिसऱ्यातच हाय?" सावळीरामनं विचारलं.

"तिसऱ्यातच."

वर आल्यावर तोच म्हणाला, "थांबव. बघू दे." काठीवर भार देत तो पुढं गेला. मालनबाईनं बॉनेट उघडलं आणि टर्बोकडून पेटीत जाणारा पाइप दाखवला. त्यानं बोट टेकवलं. "हाय रे!" मग तिनं त्याचा हात धरून पेटीतून इंजिनात जाणाऱ्या पाइपवर ठेवला. तो कोमट होता. नुकत्याच काढलेल्या दुधाएवढा.

सावळीरामनं हात काढला नाही. पुन्हा पहिल्याला बोट लावून बघितलं, पुन्हा दुसऱ्याला.

"मग मधली धग गेली कुठं?"

"इकडं या." पेटीच्या मागच्या बाजूला तिनं त्याचा तळहात धरला. घाटातला वारा बंपरच्या फटीतून आत शिरत होता आणि जाळीतून बाहेर पडताना गरम होऊन येत होता. सावळीराम बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. गुडघा दुखायला लागला तेव्हाच सरळ झाला. उरलेल्या रस्त्यात त्यानं इतके प्रश्न विचारले की मालनबाईला हसू आवरेना.

आता तो जवळजवळ प्रत्येक खेपेला बरोबर असतो. डिझेलचा पंप थोडा वाढवला, म्हणजे डिझेल जास्त सोडलं, तर जीप अजून चढेल का, हे तिनं वाळूला विचारलं होतं. या वयाच्या इंजिनाला ते झेपणार नाही, असं तो म्हणाला. तिला ते पटलं, म्हणून तिनं तो नाद सोडला.

सध्या ती शेडनेटच्या, म्हणजे रोपांवरच्या सावलीच्या जाळीच्या, मागं लागली आहे. दुपारी एका कोपऱ्यातली रोपं माना टाकतात आणि शेजारची ताठ असतात. हातात पेटलेली उदबत्ती घेऊन ती रांगांमधून फिरते आणि धूर कुठं वर जातो, कुठं आडवा होतो ते बघते. सावळीराम खुर्ची टाकून लांबून सांगतो, "डावीकडं वळला बघ, डावीकडं." त्या कोपऱ्यात धूर खाली का बसतो, ते दोघांनाही अजून समजलेलं नाही.