सोयाबीनचा अर्धा कट्टा

शेलूबाजारजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी निवृत्त होईपर्यंत खेळाचा शिक्षक होतो. आमच्या फुटबॉल संघातल्या एका मुलाची कंबर तिथे कायमची गेली. सर मैदानावर नसताना त्याने मस्ती केली आणि नको ते वजन उचललं, असं गावात आजही सांगतात. ते खोटं मी रचलेलं आहे. मी तिथेच होतो.

आमची पोरं पळायला वाऱ्यासारखी, पण अंगात भर नव्हती. जिल्ह्याच्या सामन्यांना वाशीमला गेलो की समोरची पोरं नुसता खांदा लावून त्यांना बाजूला सारायची. चेंडू पायात असून उपयोग नसायचा. मग मी ताकदीच्या व्यायामाच्या मागे लागलो. ट्रॅक्टरचा जुना टायर दोरीने कमरेला बांधून ओढायला लावला. गावामागच्या बरडाच्या मुरमाड चढावर जोडीदाराला पाठीवर घेऊन चढायला लावलं. पोरं एकमेकांना गाढव म्हणत, हसत चढायची. महिन्याभरात मांड्या भरल्या, आणि मला वाटलं, मला जमतंय.

मोबाइलवर मोठ्या शाळांतल्या पोरांचे व्हिडिओ पाहायचो. खांद्यावर लोखंडी दांडा, दोन्हीकडे वजनं, आणि बैठका. आमच्या शाळेत दांडा कुठला असणार? मी घरून सोयाबीनचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, आणला. पूर्ण कट्टा पोरांना जड जाईल म्हणून अर्धा रिकामा केला आणि तोंड सुतळीने बांधलं. आपण पोरांची काळजीच घेतोय, असं वाटत होतं.

सोयाबीन वाहिलेल्या कोणालाही विचारा. गच्च भरलेला कट्टा खांद्यावर दगडासारखा बसतो. अर्धा भरलेला आतल्या आत पळतो, कारण दाणा गोल आणि गुळगुळीत. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, हे मला शिकवायला नको होतं. पण डोक्यात व्हिडिओ होता.

तो आमचा बचावपटू, संघातला सगळ्यात दणकट. दोघांनी कट्टा त्याच्या खांद्यावर ठेवला. पहिल्या काही बैठका ठीक गेल्या. मग खाली बसताना सगळं सोयाबीन एका अंगाला धावलं आणि तो वाकडा झाला. त्याने कट्टा टाकायला हवा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ओरडलो, "सांडू नको रे, धर."

लोखंड असतं तर मी टाक म्हणालो असतो. पण आमच्याकडे दाणा मातीत जाऊ देत नाहीत. लहानपणापासून कानावर पडलेलं तेच तोंडातून निघालं. त्यालाही घरी तेच शिकवलेलं. त्याने धरलं. तसाच पीळ पडलेल्या कमरेने तो कट्ट्यासकट बसला, आणि मग त्याला उठता येईना.

मुख्याध्यापक येईपर्यंत मी पोरांना काय सांगायचं ते सांगून ठेवलं होतं. त्यालाही. जमिनीवर पडल्या पडल्या त्याने मान हलवली. मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशन झालं, पण डावा पाय अजून ओढतो. मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट त्याचे वडील शाळेत येऊन माझ्यासमोर हात जोडून गेले, पोरानं तुमचं ऐकलं नाही म्हणून. मी त्यांना पाणी दिलं.

आज तो मोबाइलचं छोटं दुकान चालवतो. घरात त्याच्या शब्दाला किंमत नाही. शेताचं, लग्नकार्याचं काही ठरलं की धाकट्याला विचारतात. वडील गेले तेही 'ज्यानं गुरूचं ऐकलं नाही तो आमचं काय ऐकंल' असं म्हणतच. हे मला त्याच्याकडूनच कळलं, रिचार्ज करायला गेलो असताना. त्याने तक्रार केली नव्हती, गोष्ट म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर मला झोप लागेना.

परवा त्याच्या दुकानात जाऊन म्हणालो, तुझ्या आईला खरं सांगतो. तो कव्हर लावत होता. म्हणाला, "सांगा सर. पन आता कोनी मानत नाही."

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने बाजेवर चादर टाकली, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. कट्टा माझा, व्यायाम माझा, धर म्हणालो तो मी, खोटं बोललो तोही मी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. मी त्याचीच वाट पाहत होतो.

"तुमी देवमानूस हाये सर," ती म्हणाली. "पोराची चूक एवढ्या वर्सानं आंगावर घ्याले आले. या पोरानंच सांगतलं असंल तुमाले, असं सांगा म्हनून."

तो दारात उभा होता. मी पुन्हा सुरुवात केली, शपथ घेतली. ती मान हलवत राहिली. माझ्याबद्दलचा आदर तिच्या मनातून निघत नव्हता, आणि तो काढायला माझ्याकडे आणखी काही नव्हतं. नुसतं खरं होतं, ते सांगून झालं होतं.

उठलो तेव्हा तिने त्याला मला स्टँडवर सोडायला सांगितलं. वर म्हणाली, "गाडी हळू चालवजो. तुहा काई भरवसा नाही."

त्याने हो म्हटलं आणि गाडी काढली. मी मागे बसलो. आधारासाठी हात पुढे केला, तर शर्टाखाली त्याच्या कमरेला आवळलेला डॉक्टरी पट्टा लागला. मी हात काढून घेतला आणि मागची दांडी धरली.