गाडीतलं बोलणं

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतेय, आणि बहुतेक अनुभवांखाली "भास असेल", "आधी बीपी तपासून घ्या" अशा खवचट कमेंट टाकणारी ती बाई मीच. तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलला आहे. जे मोजता येतं तेवढंच खरं मानायचं, याचाच मला पगार मिळतो. भूतबित, करणीबिरणी असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. तेव्हा आता माझी खेचायची असेल तर खुशाल खेचा. सगळ्यांची नावं बदलली आहेत आणि शोरूमचं नाव देणार नाही. एक मात्र आधीच सांगते, हे लिहिताना मला कुणाचीही दया आलेली नाही.

आमचं घर चिंचणीला, चिकूच्या वाडीत. एकाच लांबट कौलारू घराचे तीन भाग केलेले – एकात आम्ही, दोन भागांत दोन काका. मधल्या भिंती वर कौलांपर्यंत पोचतच नाहीत. आमच्याकडे कुणी शिंकलं तर पलीकडून काकी विचारणार, "सर्दी झाली काय गो?" बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई, मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेली मनू, अशा तिघी. घरात मनातलं बोलायची सोय नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी गाडी घेतली तशी आमची एक पद्धतच पडून गेली. काही खासगी असलं की आई माझ्याकडे बघून म्हणायची, "चल गो, जरा समुद्राव जाऊन येऊ." मग किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाडी लावायची, काचा वर करायच्या, एसी चालू ठेवायचा आणि तासभर बोलून घ्यायचं. बाबांचं आजारपण, माझं न झालेलं लग्न, काकांचे टोमणे – सगळं त्या गाडीत बोलून झालंय. आई म्हणायची, ही आपली चौथी खोली.

त्या चौथ्या खोलीला कान होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं की गाडीबरोबर शोरूमने एक डॅशकॅम फुकट बसवून दिला होता. एक कॅमेरा बाहेर, एक आत, आणि आत माइकसुद्धा. माइकचं कुणी बोललं नाही, आणि मी माहितीपुस्तिका उघडली नाही. लॅबमध्ये दोन पानांचा फॉर्म तीनदा वाचणारी मी! फुकटची वस्तू म्हणून खूश होऊन घरी आले.

गाडीला सहा महिन्यांतच एक खोड लागली. एसी चालू केला की डॅशबोर्डच्या आतून आवाज यायचा – खर्रर्र... खट्. खर्रर्र... खट्. मी पालघर-बोईसर रस्त्यावरच्या त्यांच्या सर्व्हिस सेंटरला चार चकरा मारल्या. प्रत्येक वेळी अर्धी रजा. तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर – त्याला पराग म्हणू – गाडी दिवसभर ठेवून घ्यायचा आणि जॉब कार्डवर लिहून द्यायचा, "आवाज आढळला नाही." शेजारी बसवून ऐकवलं तरी म्हणायचा, "मॅडम, हे नॉर्मल आहे. तुम्ही जास्त लक्ष देता."

चौथ्या वेळी निघताना तोच पराग हात जोडून उभा. "मॅडम, कंपनीतून फोन येईल, कामाला मार्क विचारतील. प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिलेत तरी आमच्यासाठी शून्यच असतं."

फोन आला. मी दोन दिले. एक पाणी विचारल्याबद्दल आणि एक थंड खोलीत बसवल्याबद्दल.

पुढच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगला गेले तेव्हा वाटलं होतं तोंड फिरवेल. उलट साखर पेरत होता. आई बरोबर होती, तिला चहा आणून दिला. आणि आमची आई... चहा मिळाला की तिच्या पोटात काही राहत नाही. तिने कौतुकाने सांगून टाकलं की धाकटीचं माकुणसारला जमलंय, मुलाचं नाव निलेश, आणि व्याह्यांनी पण तुमच्याकडेच गाडी बुक केलीय, दसऱ्याला घेणार. पराग म्हणाला, "अरे वा, म्हणजे ते पण आमचेच कस्टमर!"

गाडी त्याच्या ताब्यात दिवसभर होती.

आता मनूचं. मनूला शाळेत असताना फिट यायची. गोळ्या चालू आहेत, शेवटची फिट येऊन सहा वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात बिनधास्त लग्न करा. त्या सर्व्हिसिंगच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघी सुरूत गाडी लावून हेच बोलत होतो. मनू म्हणाली, "मला फिट यायची हे निलेशला सांगितल्याशिवाय मी साखरपुडा करणार नाही. पुढच्या रविवारी भेटणार आहे, तेव्हा मीच सांगणार." आई घाबरली. म्हणाली, "आता कशाला? लगीन होऊ दे आदी." मग मनू रडली, मी आईशी भांडले, आणि शेवटी आईच म्हणाली, "बरं बाय, सांग. तुजं खरं हाय. लपवून संसार होत नाय."

शुक्रवारी निलेशच्या वडिलांच्या फोनवर अनोळखी नंबरवरून एक क्लिप आली. त्यात मनूचा आवाज, "मला फिट यायची हे निलेशला..." आणि लगेच आईचा, "आता कशाला? लगीन होऊ दे आदी." बस्स. पुढचं-मागचं सगळं कापलेलं.

शनिवारी त्यांचा निरोप आला की मुलगी आजारी असती तर विचार केला असता, फसवी चालणार नाही. निलेशने मनूचा फोन उचललाच नाही. ती क्लिप केळव्यापासून डहाणूपर्यंत फिरली. काकी भिंतीपलीकडून मुद्दाम मोठ्याने "बिचारी पोर" म्हणायला लागल्या. मनू चिंचणीतच एका क्लासमध्ये शिकवते, तिथे एका पालकाने तोंडावर विचारलं. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडेना. मला म्हणाली, "ताई, लग्न मोडल्याचं काही नाही गं. पण मी खोटारडी नाहीये." हे वाक्य मी अजून विसरलेली नाही.

क्लिप मी पंचवीसएक वेळा ऐकली. आणि मग ऐकू आलं. दोघींच्या आवाजामागे, बारीक... खर्रर्र... खट्.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. डॅशकॅमचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर दोन वर्षांतलं नाही, पण गेल्या काही दिवसांतलं आमचं सगळं बोलणं त्यात होतं. तो रविवारही होता, अख्खा. तडक सर्व्हिस सेंटर गाठलं आणि परागसमोर क्लिप वाजवली. म्हटलं, हा आवाज माझ्या गाडीचा आहे. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, असा कुठलाही आवाज आमच्या जॉब कार्डवर नाही." आणि हसला. मॅनेजरने लेखी तक्रार द्यायला सांगितलं. पोलिसांतही अर्ज दिला, चौकशी चालू आहे म्हणाले. माकुणसारला अख्खं रेकॉर्डिंग पाठवलं तर उत्तर आलं, "हे तुम्ही नंतर बनवलं असेल."

मी कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनकडून डॅशकॅम काढून घेतला, वायर कापून टाकली. कार्ड एका डबीत घालून आईने तांदळाच्या डब्यात पुरलं. आणि मी दसऱ्याची वाट बघत बसले. नवीन गाड्या घ्यायला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्या दिवशी, आणि निलेशचे घरचेही तिथेच येणार. सगळ्यांसमोर त्या परागचे वाभाडे काढायचे असं ठरवलं होतं. फार तर काय, वेडी म्हणतील.

दसऱ्याला सकाळी आईने नेहमीसारखी गाडी पुजली. झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे नारळ. दरवर्षी ती "सांभाळ" एवढंच म्हणते. यंदा मात्र बॉनेटवर हात ठेवून तिने गाऱ्हाणं घातलं, गावदेवीला घालतात तसं मोठ्या आवाजात, काकी ऐकताहेत याची पर्वा न करता. "बाय माजे, आमी तुज्यात बसून बोललो. तू सगला ऐकलास. माजी पोर खोटी नाय, ता तुला ठावं हाय. ज्यानं तुज्या पोटातला चोरला, त्याच्याच तोंडानं ता चार मानसांत वदव." मी मनात म्हटलं, आईचं डोकं फिरलं. पण हात जोडले.

मनू येत नव्हती. आईने तिला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं.

अकराच्या सुमाराला शोरूमला पोचलो. बाहेर मांडव, फुगे, चकचकीत कापडाखाली झाकलेल्या गाड्या. सर्व्हिसवाल्यांनाही त्या दिवशी फेटे बांधून पेढे वाटायला उभं केलेलं, त्यात पराग. निलेश, त्याचे आईवडील आपल्या गाडीसमोर नारळ घेऊन उभे. मी आमची गाडी मांडवासमोर आडवी लावली, इंजिन बंद केलं, चावी काढली, चारी काचा खाली. माझा फोन आईच्या पिशवीत होता. उतरले, तोंड उघडलं...

आणि गाडीतून आवाज आला. खर्रर्र... खट्.

इंजिन बंद, एसी बंद. मग स्पीकरमधून मनू बोलायला लागली. पहिल्या वाक्यापासून. "मला फिट यायची हे निलेशला सांगितल्याशिवाय मी साखरपुडा करणार नाही..." तिचं रडणं, माझं भांडण, आईचं "लपवून संसार होत नाय" – सगळं. इतका मोठा आवाज की मांडवातली गाणी कुणीतरी बंद केली. निलेशच्या वडिलांच्या हातातला नारळ तसाच राहिला.

मी चावीकडे बघितलं, ती माझ्या मुठीत होती.

मग थोडी खरखर आणि एक वेगळा आवाज. परागचा. "एवढंच ठेवतो, पुढचं उडवतो... दोन दिले ना मला? आता बघ, हिच्या बहिणीला कोण करून घेतो." आणि त्याचं ते हसणं.

परागच्या हातातलं पेढ्यांचं तबक खाली पडलं. तो धावत आला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर उपटून काढली. आवाज थांबला नाही. तेच वाक्य पुन्हा. तेच हसणं पुन्हा. तो गुडघे टेकून, कानांवर हात ठेवून ओरडायला लागला, "बंद करा! मीच केलं, मीच कापलं, मीच पाठवलं! हिला बंद करा आधी!"

त्या क्षणी गाडी गप्प झाली.

चाळीसेक माणसं होती. पाच-सहा जणांनी व्हिडिओ काढले. मी सगळे मागवून ऐकलेत. एकाही व्हिडिओत मनूचा आवाज नाही, गाडीतल्या परागचा नाही. फक्त खर्रर्र... खट्... आणि त्या आवाजासमोर गुडघे टेकून कबुली देणारा फेटेवाला माणूस. पण तिथल्या प्रत्येकाने सगळं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं, मी एकेकाला विचारून खात्री केली आहे.

डॅशकॅम काढणाऱ्या त्या इलेक्ट्रिशियनने ब्लूटूथ म्हणून बघितलं, कुणाची मस्करी म्हणून बघितलं. बॅटरी काढल्यावर स्पीकर कशावर चालला, हे त्यालाही सांगता आलं नाही. मनूचं बोलणं निदान कार्डात तरी होतं. पण पराग गाडीत बसून ते दोन मार्कांचं वाक्य बोलला तेव्हा कार्ड त्याच्या लॅपटॉपमध्ये होतं, हे त्याने पोलिसांना स्वतः सांगितलं. मग ते टिपलं कुणी? आईला विचारलं तर म्हणते, "तिला सांगितला, तिनं केला. इचारतेस काय?"

परागची नोकरी गेली. ऐकते की तो आता कुणाच्याही गाडीत बसत नाही, रिक्षासुद्धा नाही, चालत जातो. ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या गाडीची खडखड त्या दिवसापासून बंद आहे, कुणी स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही.

चार दिवसांनी निलेश चिंचणीला आला. बाइकवरून, एकटा. काकींचे कान भिंतीला लागलेच होते. मनूने माझ्याकडून चावी घेतली, त्याला म्हणाली, "चल, समुद्रावर बोलू." मी आणि आई लांब वाळूत बसलो. काचा वर होत्या. दहाच मिनिटांत तो उतरला, खाली मान घालून चालायला लागला. आम्ही गाडीत जाऊन बसलो. एसी चालू होता, आवाज कसलाच नव्हता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"माफी मागितली. म्हणाला, घरचे तयार आहेत, झालं ते विसरून जा."

"मग?"

मनूने किती दिवसांनी आरशात बघून केस सारखे केले.

"दोन दिले," ती म्हणाली.