पोरीची मावशी

श्रावण अर्धा सरला आणि झड लागली. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, उघडीप म्हणावी तर तीही नाही, नुसती पिरपिर. हायवेवरचे ट्रक भरदिवसा दिवे लावून चाललेले आणि शेलूबाजारची चौफुली चिखलानं कालवलेली. उज्ज्वला राठोड सकाळी उठली ती तोंडावर पाणी मारून थेट मुगाकडं वळली. शेंगा तोडून घरात आणल्या आणि झड लागली, म्हणून समोरच्या खोलीत जुन्या साडीवर त्या पसरलेल्या, वर पंखा फुल्ल. खालच्या वर, वरच्या खाली, असं सारखं करावं लागत होतं; नाहीतर शेंगेतच कोंब फुटायचे. डोक्यावर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे. घरात चालायचं म्हणजे परकराच्या नाड्या आणि पँटीचे पाय चुकवत वाकून चालायचं.

"आज रविवार हाये ना? मंग ही बाहेरची साडी कायले नेसली?" रूपाबाईनं विचारलं. रूपाबाई म्हणजे उज्ज्वलाची आई, त्यांच्या बंजारा बोलीत 'याडी'. ती भिंतीला टेकून कोंबावलेल्या शेंगा वेगळ्या काढत होती.

"जानरावभाऊ येऊन राह्यले. पोरीच्या कॉलेजाचं काम हाये."

"लोकायच्या पोट्ट्यायमागं फिरतं. तुले काय भेटते वं त्याच्यात?"

उज्ज्वला हसली. गावोगावचे लोक तिला हेच विचारायचे. आता सख्खी आईही विचारत होती.

विचारायला कारण होतं. उज्ज्वला बारावीला जीवशास्त्र शिकवायची. शाळेनं तिला एकदा वाशिमला प्रशिक्षणाला पाठवलं, आणि ती परत आल्यावर खेळाच्या सामानाच्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली. आत लेझिमा तशाच राहिल्या, त्यांच्या शेजारी एक टेबल आलं. तिथं बसून ती मुलांना सांगायची, तू इकडं जा, तू तिकडं जा, तू अजून थांब. पण हीच उज्ज्वला उन्हाळ्यात शाळेच्या संस्थेच्या हुकमानं, संस्थेच्याच बीएस्सी कॉलेजसाठी, दारोदार फिरायची. या भागातली रीतच ती. निकालाच्या आधीपासून कॉलेजा-कॉलेजातले मास्तर गाडीवर टांग टाकून खेडी पालथी घालतात, ओसरीवर बसून चहा पितात आणि पोरं मागतात. तुकडी भरली तर नोकरी टिकते. कोणी बसचा पास देऊ करतो, कोणी म्हणतो, नुसतं नाव टाका, यायची गरज नाही. अशा मास्तरांच्या जत्रेत मे महिन्यात ओसरीवर बसलेली बाई जुलैत 'तुमच्या भल्याचं सांगते' म्हणायला लागली, की शहाणा माणूस आधी आपला खिसा चाचपतो.

उज्ज्वलाला याचा राग येत नसे, कारण ती स्वतः त्याहून संशयी होती. रिठदकडच्या तांड्यातली ती. आईबाप ऊसतोडीला जायचे, ती आजीजवळ राहून शिकली. बारावी झाली तेव्हा एक गोरापान माणूस जीपमधून आला आणि तिचा बाप हेमसिंगला 'काका' म्हणाला. त्या 'काका'वर बाप विरघळला. पोरगी ज्या कॉलेजात पडली तिथं पाटी होती, झेंडा होता, फक्त मान्यता नव्हती. दोन वर्षं मातीत गेली. तेव्हापासून तिनं एक पद्धत पाडली. कुठल्याही पोरीला पाठवायच्या आधी ती ते कॉलेज स्वतः पाहून यायची, आणि मॅडम म्हणून नाही. साधी साडी, हातात पिशवी, "पोरीची मावशी हावो" म्हणायचं आणि आत शिरायचं. मॅडमला सगळे चहा पाजतात. मावशीला कोणी विचारत नाही, आणि जिला कोणी विचारत नाही तिला सगळं दिसतं.

जानराव आला तो गाडी बाहेर लावून, डोक्यावरची युरियाच्या पोत्याची खोळ झटकत. मागं त्याची बायको तुळसाबाई आणि मुलगी वैजयंती. जानराव जवळच्याच खेड्यातला, जमीन बेताची, जीभ सढळ. वैजयंतीला नर्सिंगला जायचं होतं. गुण चांगले होते. सरकारी कॉलेजच्या पहिल्या फेरीत थोडक्यात हुकलं होतं. उज्ज्वला म्हणत होती, दुसऱ्या फेरीपर्यंत थांबा. आणि वीरेंद्र म्हणत होता, आजच चला.

वीरेंद्र तिचाच जुना विद्यार्थी. आता तो पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजसाठी पोरी जमा करायचा.

जानराव बसला नाही. शेंगा पाहून उंबऱ्यातच उभा राहिला. "मॅडम, तोंडावर बोलतो, राग मानू नका. वीरेंद्र म्हनते, मॅडम थांबा-थांबा काहून म्हनते त्याचा विचार करा. थांबता थांबता कुठंच नाव लागलं नाही, की पोट्टी आपोआप यायच्याच संस्थेत बीएस्सीले येते. तुमची तुकडी भरली. खरं हाये का हे?"

उज्ज्वलाचे हात शेंगांमध्ये थांबले. यात खोटं काय होतं? परवाच प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की मॅडम, तुमच्या कक्षातून यंदा बीएस्सीला किती येतात ते पाहणार आहे संस्था.

"तुकडी रिकामी हाये, हे खरं हाये," ती म्हणाली.

"पाहा!" तुळसाबाई नवऱ्याकडं वळली. "म्या काय म्हनलं होतं?"

"आन वीरेंद्रले एका पोरीमागं पैसे भेटते, हे बी खरं हाये."

"मंग आमी काय कराव?" जानराव म्हणाला. "दोघायले बी भेटते त भांडता कायले? वाटून घ्या ना! आमची पोट्टी आमाले ठेवा."

रूपाबाई खुदकन हसली. वैजयंती मात्र रडवेली झाली. "बाबा, तिथी टीसी देल्ली की वापस नाही देत. मॅडमनं सांगतलं ना. वर्षभराची फी मांगतात. मंग सरकारीत नंबर लागला तरी काय उपयोग?"

"तू चूप बस वं. मॅडमनं सांगतलं, मॅडमनं सांगतलं."

"जानरावभाऊ," उज्ज्वला हात पुसत उठली, "माह्यावर भरोसा ठेवा असं मी कवाच म्हनलं नाही. मी बी कोनावर ठेवत नाही. वीरेंद्रची जीप येऊन राह्यली ना? तुमी पाहाले चालले. मी बी येतो. एक शब्द बोलणार नाही. तुमाले पटलं, त टीसी द्या."

तुळसाबाईनं तिच्याकडं तिरकं पाहिलं. "बोलणार नाही त येता कायले?"

"पाहाले."

जीप आली. वीरेंद्र पांढऱ्या शर्टात, झडीतही कोरडा. उज्ज्वलाला पाहून क्षणभर त्याचं हसू अडकलं, मग दुप्पट झालं. "अरे वा! मॅडम बी? या, या. तुमी शिकवलं म्हणून त इथवर आलो."

"शिकवलेलं येवढं ध्यानात ठेवशीन असं वाटलं नव्हतं बाप्पा," उज्ज्वला म्हणाली आणि मागं बसली.

वाटभर तो बोलत राहिला. हॉस्टेल फुकट, मेस फुकट, तिसऱ्या वर्षी नोकरी हातात. जानरावला 'काका' म्हणायचा, तुळसाबाईला 'काकू'. त्या 'काका'सरशी उज्ज्वलाला जीपमधला तो गोरापान माणूस आठवला, पण शब्द दिला होता. तुळसाबाई मात्र गरजेपेक्षा जास्त हूं-हूं करत होती, आणि मधूनच मान वळवून मॅडम कुठं पाहते ते पाहत होती. टीसीची पिशवी जानरावनं शर्टाच्या आत धरली होती, पोटाशी.

कॉलेज दिसायला झकास होतं. नवी रंगलेली इमारत, दारात कुंड्या. वीरेंद्रनं जानरावला ऑफिसात बसवलं. "काका, लेडीज हॉस्टेलात आपल्याले जाता नाही येत. रूल हाये. काकू पाहून येतीन, तवरक आपन चहा घेऊ आन कागदं करून टाकू."

"बायका वापस येऊ द्या पहिले," जानराव म्हणाला. तो वीरेंद्रवरही संशय घेत होता, एवढंच काय ते बरं.

वॉर्डन म्हणून एक बाई आली, लिपस्टिक लावलेली. तिच्या मागून तिघी जिना चढल्या. खोल्या ओळीनं. लोखंडी कॉट, कॉटवर ताठ चादरी, खिडकीला पडदे. कपाटावर देवीचा फोटो. तुळसाबाई चादरीवरून हात फिरवत म्हणाली, "बापा! लग्नाच्या घरासारखं ठेवलं हाये."

"आमच्या मुली फार शिस्तीच्या आहेत," वॉर्डन म्हणाली. "सगळ्या आत्ता हॉस्पिटलला ड्युटीवर आहेत. एकही जागा रिकामी नाही."

उज्ज्वलानं एक खोली पाहिली, दुसरी पाहिली, तिसरीत ती दारातच थांबली. मघापासून काहीतरी नाही, काहीतरी नाही असं वाटत होतं ते तिला कळलं. तिनं नाकानं श्वास ओढला. रंगाचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता. तिच्या जिभेवर सगळं आलं आणि तिनं ते गिळलं. ती बोलली असती तर तुळसाबाईनं घरी जाऊन सांगितलं असतं, की मॅडमनं मुद्दाम खोडा घातला. आणि खाली जानराव चहा पीत होता. चहा संपला की पिशवी शर्टाबाहेर येणार होती.

वैजयंती दारात कुडकुडत होती. जीपमधून उतरताना तिची ओढणी चिंब झाली होती.

"सर्दी होईन पोरी," उज्ज्वला सहज म्हणाली. "पिळून टाक ते ओढणी, कुठी तरी वाळू घाल तवरक."

वैजयंतीनं ओढणी पिळली आणि इकडं तिकडं पाहिलं. दोरी नव्हती. शेजारच्या खोलीत गेली, तिथंही नव्हती. भिंतीला खिळासुद्धा नव्हता. ती ओढणी हातात धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. "माय, दोरीच नाही वं कुठी."

"कपडे टेरेसवर वाळवतात मुली," वॉर्डन म्हणाली.

"टेरेसवर?" तुळसाबाईचा हात चादरीवरून उठला. "ह्या झडीत?"

"म्हणजे... एरवी."

"एरवीचं नाही पुसून राह्यली बाई. आजचं पुसतो. आमच्या घरी चार माणसं, त घरात डोस्कं वर कराले जागा नाही. माह्या पोट्टीचा ड्रेस तीन दिवसापासून चुलीवर टांगला हाये. अन् इथी येवढ्या पोट्ट्या राह्यते म्हनता, त्यायचं एक पोलकं कुठी ओलं दिसत नाही. धुतच नाही का काय?"

"ड्युटीला जाताना..."

"ओले कपडे घालून गेल्या का?"

तुळसाबाई आता थांबणारी नव्हती. तिनं कॉटखाली वाकून पाहिलं. चप्पल नाही, बादली नाही. न्हाणीत गेली, फरशी कोरडी, नळ फिरवला तर नुसता फुसकारला. तिनं चादरीचं टोक उचललं. खाली गादीला अजून प्लास्टिक होतं.

वॉर्डनचा आवाज चढला. तिनं उज्ज्वलाकडं बोट केलं. "आणि या बाई कोण? मघापासून नुसत्या पाहताहेत."

तुळसाबाईनं एकवार उज्ज्वलाकडं पाहिलं, नीट, डोळे बारीक करून, जशी बाजारात बकरी पाहावी.

"पोरीची मावशी हाये," ती म्हणाली. "चाल वं वैजे."

खाली ऑफिसात जानरावपुढं चहाचा कप रिकामा होता आणि पिशवी टेबलावर आली होती. त्याचा हात अजून तिच्यावर होता. वीरेंद्र हसत म्हणत होता, "बस काका, येवढं देल्लं की सीट पक्की." तुळसाबाईनं काही न बोलता पिशवी उचलली आणि आपल्या पदराखाली घेतली. "एसटी पाहा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "या जीपनं नाही येत मी."

वीरेंद्रनं उज्ज्वलाकडं पाहिलं. "मॅडम, तुमी काही बोलणार नव्हत्या ना?"

"नाही बोलली बापा. पूस काकूले."

येताना एसटीच्या खिडक्यांतून पाणी आत येत होतं. चौघंही एकाच बाजूला दाटीनं बसले होते. मग तुळसाबाई म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? तुमी ते ओढणीचं मुद्दाम म्हनलं."

"हव."

"म्हंजे तुमाले आधीच दिसलं होतं."

"हव."

"मंग तुमी लय पोचलेल्या हा." ती जरा सरकली, उज्ज्वलाला नीट बसता यावं म्हणून. "थांबतो आमी दुसऱ्या फेरीपर्यंत. पन सरकारीत नंबर लागला त ते हॉस्टेल बी मी आपल्या डोयानं पाहीन. दोऱ्या पाहीन, मंगच टीसी देईन. तुमी म्हनलं म्हणून नाही."

"मी म्हनलं म्हणून देऊच नका," उज्ज्वला म्हणाली. वैजयंती ओली ओढणी खिडकीच्या गजाला बांधत होती, आणि पहिल्यांदा हसली.

शेलूबाजारला उतरून उज्ज्वलाच्या दारात आल्यावर जानरावनं गाडीला किक मारली, ती लागली नाही, दुसरी मारली, आणि मग मान वळवून विचारलंच. "पन खरं सांगा मॅडम. तुमचं बी काही नाही अन् संस्थेची तुकडी बी बुडते. मंग तुमाले याच्यात भेटते काय?"

"काही नाही भाऊ."

जानरावनं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं. गाडी चालू झाली आणि तिघं खोळ पांघरून निघाले. वाटेत तो बायकोला याचाच काही अर्थ लावून दाखवणार हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. उद्या प्राचार्य विचारणार, हेही ठाऊक होतं.

घरात पंखा बंद होता. लाइट गेली होती. रूपाबाई पुठ्ठ्यानं शेंगांना वारा घालत बसली होती.

"झालं का? देल्लं का त्यायनं काही?"

"तू बी आता जानराव झाली का याडी?" उज्ज्वला म्हणाली. तिनं वाकून दोऱ्यांखालून वाट काढली, साडीचा पदर खोचला, आणि फरशीवर बसून खालच्या शेंगा वर आणि वरच्या खाली करायला लागली.