मासोळ्यांच्या पेटीत युरिया

लेक नागपूरला नोकरीला गेली, तेव्हा मासोळ्यांची काचेची पेटी माझ्या गळ्यात टाकून गेली. आत बारीक खडी, खरी झाडं आणि कॉलेजपासून जिवापाड जपलेल्या सहा मासोळ्या. "बाबा, आठवड्यातून एकदा थोडं पाणी बदलवा. बाकी काही करू नका."

कोणाला सांगते? गावचा तलाव आमच्या घराण्यानं बांधला, जन्मभर मी धान पिकवला, आणि ही मला पाणी शिकवते!

महिन्याभरात झाडांची पानं पिवळी पडली. धान पिवळा पडला की शेतकरी काय करतो? मी चिमूटभर युरिया टाकला. दुसऱ्या दिवशी दोन मासोळ्या मरून उताण्या. घाबरून अर्धं पाणी बदलवलं, तरी आठवड्याभरात काचेवर शेवाळाचा थर चढला आणि पानांना हिरवे तंतू लोंबू लागले.

"अजी, धानाची बांधी आहे का थे? युरिया काऊन टाकला?" बायको म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो. चूक माझी होती ना, म्हणून जरा जास्तच जोरात. उरलेल्या चार गेल्या तर पोरगी माझं तोंड पाहणार नाही, ही धास्ती होती.

मग लेकीला रोज फोन. "शेजाऱ्याच्या पेटीत शेवाळ झालं, तो विचारून राहिला," अशी थाप. ती सांगायची: पेटीवरचा दिवा सहाच तास लावा, खिडकीचं ऊन अडवा, तंतू जुन्या टूथब्रशला गुंडाळून काढा, दोन दिवसांआड थोडं पाणी बदलवा. मी मुकाट्यानं करत गेलो. खरं सांगतो, मजा यायला लागली. शेवटी हेही निंदणच! हळूहळू काच निवळली, नवी पानं फुटली. चहा घेऊन मी पेटीसमोरच बसायचो.

दिवाळीत लेक आली. आल्या आल्या पेटीशी गेली. चारच मासोळ्या.

"मीच मारलो दोन," मी म्हणालो. "युरिया टाकलो."

"माहीत आहे. आईनं त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलली काऊन नाही? शिव्या तरी द्यायच्या!"

"बाबा, मी गेल्यापासून तुमचा एक फोन नव्हता. शेवाळ झालं, तर रोज येऊन राहिला. बोलली असती, तर तो बंद झाला असता."